विहिरीतल्या दगडाची दोन वयं

कुडाळजवळ काकांची विहीर खणताना जांभा संपला आणि खाली चमचमता अभ्रकी शिस्ट, म्हणजे उष्णता-दाबाने बदललेला पापुद्र्यांचा खडक लागला, त्यात मसुराएवढे लालसर गार्नेटचे स्फटिक. रत्नागिरीकडे जांभ्याखाली लागतो तो काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हा खडक त्याहून कितीतरी जुना. चांगलेसे चार तुकडे निवडून मी प्रयोगशाळेत नेले.

मला हवा होता त्यातल्या मोनाझाइट या खनिजाचा कण. केसाच्या जाडीएवढासुद्धा नसलेला कण, पण घड्याळ म्हणून फार भरवशाचा. घडताना तो किरणोत्सारी थोरियम भरपूर घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. आज त्यात सापडणारं शिसं थोरियम-युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं असतं. थोरियम निम्मं व्हायला सुमारे 1405 कोटी वर्षं लागतात, म्हणून शिसं थोडंच. तरी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत टाकून कणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, ते एकेका बिंदूवर मोजतं.

पहिल्या खेपेची वयं मात्र सगळीकडे विखुरलेली. सरासरी काढून मोकळी हो, असं मला सांगितलंही गेलं. मन घेईना.

चतुर्थीच्या सुट्टीत गावी होते. ओटीवर लॅपटॉप उघडला, तर कणांमधल्या यट्रियम या मूलद्रव्याचे नकाशे आले होते; जास्त यट्रियम तिथे उजळ. एक कण मोठा करून पाहिला. मध्ये काळपट गाभा, भोवती उजळ कड, दोघांमधली हद्द सुरीने कापल्यासारखी. गार्नेट वाढतो तेव्हा आसपासचं यट्रियम ओढून घेतो; त्या काळात वाढणाऱ्या मोनाझाइटला ते मिळत नाही. पुढे गार्नेट मोडू लागला की ते मोकळं होतं आणि नव्या कडेत भरतं. माझे कितीतरी बिंदू नेमके त्या हद्दीवर पडले होते! त्यांचं वय म्हणजे गाभा आणि कडेची सरमिसळ, कुठल्याच घटनेचं नव्हतं.

ते बिंदू वगळले. यंत्र मोजतं त्या क्ष-किरणांतली यट्रियमची एक रेषा शिशाच्या रेषेवर पडते आणि शिसं जास्त भासतं, म्हणून उजळ कडेतली दुरुस्ती पुन्हा तपासली. दिवेलागणीपर्यंत दोन स्वच्छ गट पडले: जुना गाभा, तरुण कड, मध्ये कोट्यवधी वर्षं. गार्नेटच्या पोटात अडकलेला एकुलता एक कण गाभ्याच्या गटात जाऊन बसला, तेव्हा अंगावर काटा आला.

"गो, कळला काय दगडाचा वय?" काकांनी विचारलं.

"एक नाय काका, दोन आसत."

"मगे मधी काय झाला?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. ढिगाऱ्यातल्या दगडावर गार्नेटच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या, आणि भोवती काळ्या अभ्रकाची बारीक झालर.