कुटुंबासह समुद्राखालची पहिली बुडी: सहा दिवसांचा वृत्तांत आणि खर्चाचे नियोजन

आम्ही पाच जण होतो: मी, माझे पती, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. सुटी सहा दिवसांची होती, समुद्र उबदार आणि शांत होता आणि आमच्यापैकी कोणीही याआधी पाठीवर सिलिंडर बांधलेला नव्हता. पाचही जणांनी पूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क भरणे आम्हाला झेपणारे नव्हते, आणि आता वाटते की त्याची गरजही नव्हती. आम्ही कोणता खर्च टाळला, कोणता टाळला नाही आणि कुठे आमचा अंदाज चुकला, हे पुढे जाणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगासाठी सविस्तर लिहीत आहे.

तयारीची सुरुवात दोन महिने आधी वैद्यकीय प्रश्नावलीने झाली. स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली उतरणे, शिकवणाऱ्या बहुतेक संस्था पाण्यात उतरण्यापूर्वी ही प्रश्नावली भरून घेतात आणि ती आधी सहज मिळवता येते. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया, मधुमेह अशा बाबी तीत विचारलेल्या असतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलविषयी वेगळे प्रश्न असतात. ठरावीक प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. माझ्या पतींना लहानपणी दमा होता, म्हणून त्यांची फुप्फुसांची तपासणी झाली आणि परवानगी मिळाली. सासूबाईंची रक्तदाबाची औषधे चालू आहेत. डॉक्टरांनी त्यांना स्कूबा करू नये, मात्र उथळ आणि शांत पाण्यात लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग (पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत पाण्याखाली पाहणे) करण्यास हरकत नाही, असे स्पष्ट सांगितले. हेच आम्हाला किनाऱ्यावर, पैसे भरून झाल्यावर कळले असते, तर दोघांचे आरक्षण वाया गेले असते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, खरे उत्तर लपवून पाण्यात उतरण्याचा मोह झाला असता. तो मोह कोणीही धरू नये.

सर्वाधिक फायदा झाला तो घराजवळच्या जलतरण तलावात घेतलेल्या एका सत्राचा. अनेक प्रशिक्षक सुटीच्या हंगामाबाहेर तलावात अशी ओळखसत्रे घेतात आणि त्यांत बोटीचा, इंधनाचा किंवा खलाशांचा खर्च नसल्यामुळे ती समुद्रातल्या डायव्हपेक्षा (बुडीपेक्षा) स्वस्त पडतात. तिथे आम्ही तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा केल्या: रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या उपकरणातून) संथ श्वास घेणे, रेग्युलेटर तोंडातून सुटल्यास शोधून परत लावणे आणि मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणे. मुलीच्या मास्कमध्ये पहिल्यांदा पाणी शिरले, तेव्हा ती घाबरून एकदम उभी राहिली. तिला पुन्हा पाण्याखाली बसायला जवळजवळ चाळीस मिनिटे लागली. प्रशिक्षकांनी घाई केली नाही. तिने आधी अर्धा मास्क भरून पाहिला, मग पूर्ण, आणि शेवटी मास्क काढून परत लावला. समुद्रात इतर ग्राहक खोळंबलेले असताना हा वेळ तिला कोणी दिला नसता, आणि ती कदाचित या छंदाकडे पुन्हा वळलीच नसती. मुले लहान असतील, तर एवढा एक खर्च जरूर करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. म्हणजेच तिथे श्वासात घेतलेली हवा वर येताना फुगत जाऊन दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते आणि त्यासाठी फार खोलीही लागत नाही. तलावातले दीड मीटरदेखील पुरेसे आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजावे म्हणून प्रशिक्षकांनी पाण्याखाली थोडा फुगवलेला फुगा वर आणून दाखवला. त्यानंतर त्याला हा नियम पुन्हा सांगावा लागला नाही.

वयाची अट आधीच पाहून ठेवावी, म्हणजे मुलांचा हिरमोड होत नाही. पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार आठ वर्षांच्या मुलाला ‘बबलमेकर’ या उपक्रमात दोन मीटरपर्यंतच नेता येते. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकासोबतची प्राथमिक डायव्ह करता येते आणि तिची कमाल मर्यादा बारा मीटर असते. त्यामुळे आमच्या मुलासाठी समुद्रातील डायव्हचे पैसे भरण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने तलावात सिलिंडर लावला आणि समुद्रात स्नॉर्केलिंग केले. “ताई खाली जाते, मग मी का नाही?” हा प्रश्न त्याने घरीच विचारून घेतला होता, म्हणून किनाऱ्यावर रुसवा झाला नाही.

साहित्यापैकी फक्त मास्क आणि स्नॉर्केल आम्ही विकत घेतले. बाकी सर्व भाड्याचे होते. मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्याला नेमका बसला पाहिजे आणि लहान चेहऱ्यांचे मास्क भाड्याच्या साहित्यात सहसा कमी असतात. मास्क पारखताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चेहऱ्याला चिकटून राहिला, तर माप बरोबर आहे. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. माझा नंबर मोठा असल्याने मी तसा घेतला, नाहीतर एवढा खटाटोप करून मला समुद्रतळ धूसरच दिसला असता. संपूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केलिंगचे मास्क मात्र या कामाचे नाहीत; त्यांत नाक चिमटीत धरून कानांचा दाब मोकळा करता येत नाही.

डायव्ह सेंटर निवडताना आम्ही किमतीआधी काही प्रश्न विचारले. पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? सोबत येणारी व्यक्ती प्रमाणित प्रशिक्षक आहे का? प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे मिळतील? साहित्याचे भाडे शुल्कात धरले आहे का? प्राणवायूचा संच जवळ असतो का? आणि मूल आयत्या वेळी नको म्हणाले, तर पैसे किंवा तारीख बदलून मिळते का? एका ठिकाणी फॉर्मवर किनाऱ्यावर नुसती सही केली तरी चालेल, सूचना दहा मिनिटांत उरकतात, असे सांगण्यात आले. दर सर्वांत कमी होता, तरी आम्ही तिथे गेलो नाही. प्रशिक्षकाचे लक्ष ही या सर्व खर्चातली एकच गोष्ट अशी आहे की जिथे काटकसर करू नये. आम्ही निवडलेल्या ठिकाणी आमच्या तिघांसाठी एक प्रशिक्षक होत्या आणि डायव्ह किनाऱ्यावरून चालत जाऊन करायची होती. किनाऱ्यावरची डायव्ह बोटीवरच्या डायव्हपेक्षा स्वस्त असते, बोट लागण्याचा त्रास नसतो आणि न उतरणारी माणसे जवळच राहू शकतात. जमिनीवर सिलिंडर फार जड वाटतो, एवढी तयारी मात्र मनाशी ठेवावी.

पहिला दिवस आम्ही केवळ स्नॉर्केलिंगला दिला. सासूबाई आणि मुलगा कमरेएवढ्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून तरंगत राहिले, आणि खडकाजवळ पट्ट्यापट्ट्यांचे मासे दिसले, तेव्हा सासूबाईंनी नातवाचा हात जो धरला तो बराच वेळ सोडला नाही. उन्हापासून बचावासाठी सर्वांनी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातले होते. त्यामुळे सनस्क्रीन कमी लागते आणि ते पाण्यात मिसळून प्रवाळांना होणारा उपद्रवही कमी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे सिलिंडर लावून उतरलो. तीन मीटरवर मुलीने कानाकडे बोट दाखवून तळहात आडवा हलवला. काही तरी ठीक नाही, अशी ही खूण तिला तलावातच शिकवलेली होती. प्रशिक्षकांनी सर्वांना थांबवले आणि तिला एक मीटर वर नेले. तिथे तिने नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, पण उजव्या कानाचा दडा सुटेना. तीन प्रयत्नांनंतर प्रशिक्षकांनी डायव्ह थांबवली आणि आम्ही सगळे वर आलो. तिला आदल्या दिवसापासून थोडी सर्दी होती आणि ती मी गंभीरपणे घेतली नव्हती. ही माझी चूक. दाबातला सर्वांत मोठा सापेक्ष बदल पहिल्या काही मीटरांतच होतो, म्हणून कान दुखू लागण्याआधीपासून, दर अर्ध्या-एक मीटरला, ते मोकळे करत जावे लागते. सर्दीत हे जमत नाही आणि जोर लावल्यास कानाचा पडदा फाटू शकतो. तारीख बदलण्याची सोय आधी विचारून ठेवलेली होती, म्हणून पैसे बुडाले नाहीत.

मधला एक दिवस विश्रांतीत गेला आणि चौथ्या दिवशी ती पूर्ण बरी झाल्यावर आम्ही पुन्हा उतरलो. या वेळी सहा मीटरपर्यंत गेलो. वाळूवर गुडघे न टेकता, प्रवाळांना हात न लावता, फक्त श्वासाच्या लयीने किंचित वर-खाली होत तरंगणे तिला माझ्याआधी साधले. पाण्यात सर्व काही सुमारे एकतृतीयांश मोठे आणि जवळ दिसते, त्यामुळे तिने समुद्री काकडीचा आकार हातांनी दाखवला, तो वर आल्यावर तिलाच पटेना. पस्तिसाव्या मिनिटाला पतींच्या सिलिंडरचा काटा पन्नास बारकडे (बार हे दाबाचे एकक) झुकला आणि नियमाप्रमाणे सर्वांना परतावे लागले. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने साधारण चोवीसशे लिटर हवा असते. नवखा, धिप्पाड किंवा घाबरलेला माणूस ती भराभर संपवतो. एकत्र उतरणाऱ्यांचा वेळ सर्वांत आधी हवा संपवणाऱ्यावर ठरतो, हे मिनिटांचा हिशोब करताना लक्षात ठेवावे. मुलगी तोपर्यंत कुडकुडू लागली होती. पाणी शरीराची उष्णता हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने ओढून घेते. उबदार समुद्रातही मुलांना पूर्ण लांबीचा वेटसूट द्यावा.

छायाचित्रे आणि चित्रफितींचे वेगळे शुल्क आम्ही पहिल्या डायव्हला भरले नाही, दुसऱ्या वेळी भरले. पहिल्या वेळी सगळे लक्ष श्वासाकडे असते. एकाच वेळी दोन-तीन डायव्हचे एकत्रित पॅकेज घेण्याची घाईही करू नये. सवलत आकर्षक असते, पण पहिल्या डायव्हनंतर कोणाला पुढे जायचे आहे, हे आधी सांगता येत नाही. आमच्याकडे पतींचे समाधान एका डायव्हने झाले. मुलीला शिकायचे आहे. तिच्यासाठी पुढचा मार्ग आम्ही ठरवला आहे: अभ्यासाचा भाग घरी ऑनलाइन, तलावातले प्रशिक्षण घराजवळ आणि ओपन वॉटर या प्राथमिक प्रमाणपत्राच्या चार समुद्री डायव्ह पुढच्या सुटीत. याला ‘रेफरल’ म्हणतात. सुटीतले दिवस वर्गात जात नाहीत आणि मुक्कामही लांबवावा लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ज्युनियर ओपन वॉटरचे प्रमाणपत्र मिळू शकते, मात्र पंधरा वर्षांची होईपर्यंत तिला प्रमाणित प्रौढासोबतच डायव्ह करावी लागेल. तो प्रौढ म्हणजे बहुधा मीच, म्हणून पुढच्या वर्षीच्या खर्चात दोघींचे शुल्क धरले आहे.

विमा निघण्यापूर्वी वाचून घ्यावा. प्रवासाच्या अनेक विम्यांत स्कूबा वगळलेले असते किंवा खोलीची अट असते. आमच्या विम्यात ते थोडा अधिक हप्ता भरून जोडून घ्यावे लागले. परतीच्या विमानाचाही विचार आधीच करावा. एकाच साध्या डायव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेची शिफारस आहे. उंच घाटातून जाणारा रस्ता असेल, तरीही थांबणे योग्य. म्हणून डायव्ह सुटीच्या पूर्वार्धात ठेवाव्यात. त्यामुळे सर्दी-पडशासाठी किंवा खवळलेल्या समुद्रासाठी एक-दोन दिवस हाताशीही राहतात. आमची शेवटची डायव्ह चौथ्या दिवशी सकाळी झाली आणि विमान सहाव्या दिवशी दुपारी होते. पाचवा दिवस पुन्हा उथळ पाण्यात गेला. त्या दिवशी मुलाने आजीला मास्कमधले पाणी काढायला शिकवले. संध्याकाळी आम्ही मास्क गोड्या पाण्यात भिजत घातले, सावलीत वाळवले आणि सामान बांधले.