कर्ज न काढता उभी केलेली बाइंडिंगची कार्यशाळा

पुस्तकबांधणीचे काम मी ७ वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात केले होते. स्वतःचा व्यवसाय करण्याचे मनात आले, तेव्हा पहिली अडचण कटिंग यंत्राची होती, कारण फर्मे मोडणे (म्हणजे छापील मोठ्या कागदांना घड्या घालून पाने करणे), शिवणे, पुठ्ठा चढवणे ही कामे हाताने होतात, पण कडा एकसारख्या कापायला यंत्रच लागते. नव्या यंत्रासाठी कर्ज काढावे लागणार होते. १२ टक्के दराने ५ वर्षांच्या समान हप्त्यांचा हिशेब मांडला, तर मुद्दलाच्या जवळपास एक तृतीयांश रक्कम व्याजात जात होती. व्याजापेक्षाही मला धास्ती वाटली ती हप्त्याच्या तारखेची. काम येवो वा न येवो, ती तारीख येणारच होती.

म्हणून नोकरी न सोडता मी घरच्या टेबलावर जुन्या पुस्तकांची दुरुस्ती आणि प्रबंधांची बांधणी घेऊ लागले आणि कटिंग बाहेरून करून घेतले. त्यामुळे प्रत्येक प्रतीमागे सुटणारे पैसे कमी होत, हे खरे. परंतु काम नसले की खर्चही नसे, आणि त्या काळात मला याच गोष्टीची सर्वांत जास्त गरज होती. १४ महिन्यांच्या बचतीतून एक वापरलेले यंत्र घेता येईल, इतकी रक्कम जमली.

यंत्र पाहायला जाताना मी कोऱ्या कागदांचा जाड गठ्ठा सोबत नेला आणि तो कापून घेतला. कापलेल्या कडेवर, वरच्या कागदापासून तळच्या कागदापर्यंत एकाच जागी, केसाएवढी बारीक रेघ उमटली होती; नख फिरवले की ती जाणवत होती. पात्याला तिथे खाच पडली होती. वरचा आणि तळचा कागद मात्र तंतोतंत सारख्या मापाचे निघाले, म्हणजे दाब आणि पात्याची चाल ठीक होती. पात्याला धार लावून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करून मी ते यंत्र घेतले.

कर्जाची खरी वेळ आली ती यानंतर, आणि तीही काम भरपूर असताना. एका मोठ्या ग्राहकाने एकदम बऱ्याच प्रती बांधायला दिल्या. पुठ्ठा, कापड, दोरा यांचे पैसे आधीच द्यायचे होते आणि बिलाची रक्कम माल पोहोचल्यावर ६० दिवसांनी मिळायची होती. वहीत नफा दिसत होता, पण पुढच्या कामाचा पुठ्ठा आणायला हातात पैसे नव्हते. पुरवठादार उधारीवर माल द्यायला तयार होते. मात्र रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा होता, आणि त्या फरकाला दुसरे नाव नसले तरी ते व्याजच आहे, हे भाव शेजारी-शेजारी लिहून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले.

मी ग्राहकाला भेटून स्पष्ट सांगितले की, प्रती तीन टप्प्यांत देईन आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे मिळाल्यावर पुढचा टप्पा हाती घेईन. त्यांनी ते मान्य केले. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. या नियमामुळे दोन जुने ग्राहक गेले आणि त्याची खंत मला आजही आहे, पण उधारी देणे म्हणजे माझ्या भांडवलातून त्यांना बिनव्याजी कर्ज देणे होते, आणि तेवढे भांडवल माझ्याकडे नव्हते. माझ्या वहीत आता प्रत्येक कामापुढे दोन तारखा असतात: पैसे कधी गेले आणि कधी आले. या दोन तारखांमधले अंतर वाढू लागले की मी नवे काम घेण्याआधी जुनी वसुली करते.

६ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावर मी नोकरी सोडली. फर्मे अजून हातानेच मोडते. घडीचे यंत्र हवे आहे, म्हणून प्रत्येक बिलातले १० टक्के त्यासाठी वेगळ्या खात्यात टाकते आणि सध्या त्यात यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम जमली आहे.