गृहभेटीची वेळ

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले, की बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. मूल घरी परत जाईल की बालगृहात, हे अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती ठरवते. परंतु त्या मुलाचे घर सदस्यांनी पाहिलेले नसते. ते त्यांच्यापुढे येते गृहभेटी करणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १५ दिवसांत लिहून द्यायच्या सामाजिक तपासणी अहवालातून. म्हणूनच त्या घराच्या उंबरठ्यावर आपण कोणत्या वेळी उभे राहिलो, याला मी फार महत्त्व देते.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा रात्री बसस्थानकावर एकटा सापडला. मी पहिली गृहभेट दुपारी बारा वाजता केली. दाराला कडी होती, चूल विझलेली होती, आजी खुरपणीला गेली होती. शेजारणीकडून वडील वारल्याचे आणि आई ऊसतोडीला गेल्याचे कळले. मी लिहिले: एक खोली, अनियमित उत्पन्न, मुलाकडे लक्ष देणारे घरात कोणी नाही. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, आणि तरीही एवढ्यावर तो मुलगा सहज बालगृहात गेला असता.

अहवाल अपुरा वाटला म्हणून दोन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा गेले. आजी परतली होती. मी कोण हे कळताच तिने आधी विचारले, "बाई, लेकराला ठिवून घेणार का तुमी?" मग फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घड्या घातलेले कागद होते: लसीकरणाचे कार्ड, तिन्ही इयत्तांची प्रगतिपुस्तके, मुलाच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला. ज्या घरात लक्ष देणारे कोणी नाही असे मी लिहिले होते, त्या घरात एका निरक्षर बाईने नातवाचा एकही कागद हरवू दिला नव्हता.

मुलाशी मी एकांतात बोलले. मोठ्यांच्या देखत मुले मोठ्यांना हवे ते सांगतात, त्यामुळे हा भाग कितीही घाई असली तरी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. घर सोडण्याचे कारण या रकान्यात पोलिसांच्या कागदावरून "पळून गेला" असे आले होते. तो म्हणाला, "मी पळालो नव्हतो, आईकडं निघालो होतो." मुकादमाकडून उचल घेऊन आई तिच्या भावाबरोबर गेली होती, आणि गाळप हंगाम संपेपर्यंत परतणार नव्हती. साखर कारखान्याचे नाव त्याला पाठ होते. तिथे कोणती गाडी जाते, तेवढे माहीत नव्हते.

रकान्यातले ते दोन शब्द बदलले आणि त्या कुटुंबाच्या गरजेचे उत्तरच बदलले. मुलाला निवारा नको होता. आईशी आठवड्यातून फोन, आजीला हातभार आणि हंगामभर शाळेकडून लक्ष, एवढे हवे होते. केवळ गरिबीपायी मूल कुटुंबापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि आपला कायदाही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलासाठी आता दरमहा २२५० रुपये मिळतात. मात्र त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि रोजंदारी बुडवून तहसीलच्या चकरा मारणे आजीला परवडत नाही. तेव्हा गरज नोंदवणाऱ्यानेच तिच्याबरोबर जायला हवे, असे मला वाटते.

समितीने मुलगा आजीच्या ताब्यात दिला आणि पाठपुराव्याच्या भेटी ठेवल्या. त्या मी संध्याकाळीच केल्या, चूल पेटण्याच्या सुमारास.