निफाडचे धुके आणि बागेतला धूर

गेली काही वर्षे डिसेंबर उजाडला की माझ्या सुट्टीच्या पहाटा धुक्याचे फोटो काढण्यात निफाडच्या शिवारात जातात. नाशिकहून साडेचारला निघाले की सव्वापाचच्या सुमारास गोदाकाठ गाठता येतो, आणि सूर्य वर येण्याआधी जागा हेरायला पुरेसा वेळ हाताशी राहतो. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. वर्षातला हा सर्वांत उशिराचा सूर्योदय असल्यामुळे उजाडण्याआधीची निळी वेळ गाठणे हिवाळ्यात तुलनेने सोपे जाते.

धुके कुठे मिळेल, हे नशिबावर सोडण्याची गरज नसते. रात्र निरभ्र असली आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब झपाट्याने सोडते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखीच उताराने सखल भागात जाऊन साचते. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांचा संगम आहे, भोवती पाणथळ जमीन आहे आणि लागूनच ऊस, गहू, कांदा यांची ओलिताची शेते आहेत, त्यामुळे तिथे धुक्याला लागणारे सगळेच एका ठिकाणी जुळून येते. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. तिथे येणारे बहुतेक जण पक्ष्यांसाठी येतात, मी मात्र पाण्याकडे पाठ करून शेतांकडे कॅमेरा लावतो. उभे राहायचे ते कालव्याच्या भरावावर किंवा एखाद्या उंच बांधावर. तिथून धुके कमरेइतकेच दिसते, त्यातून बाभळींचे शेंडे, विजेचे खांब आणि एखाद्या मळ्यातल्या घराचे पत्रे वर निघालेले असतात, आणि टेलिफोटो लेन्सने हे थर एकमेकांजवळ आणता येतात. धुक्यात उतरून काढलेल्या माझ्या सुरुवातीच्या चित्रांत राखाडी रंगापलीकडे काहीच नव्हते.

कॅमेऱ्याला धुक्याचा उजळपणा कळत नाही. तो त्याला मधल्या राखाडीवर आणून ठेवतो आणि पहाट मळकट दिसू लागते, म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवतो आणि हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी बाजू कापली जात नाही ना, एवढे पाहतो. रंगछटा आपोआप सुधारणारा ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद ठेवावा, कारण थंडीचा निळेपणा तो प्रामाणिकपणे पुसून टाकतो. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायच्या आणि परतताना कॅमेरा गाडीच्या उबेत लगेच उघडा करायचा नाही, नाहीतर गार काचेवर दव धरते.

परंतु या फोटोग्राफीतली खरी गोष्ट मला एका द्राक्षबागायतदाराने शिकवली. त्यांच्या बागेचे, ओळींमधून धूर तरंगत असलेले एक चित्र मी मोठ्या आनंदाने त्यांना दाखवले होते आणि धुके किती सुंदर आले आहे, असे म्हणालो होतो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, हे धुकं नाही. रात्री तीनपासून पेटवलेल्या शेकोट्या आहेत." मग त्यांनी मला बागेत नेले, एका घडाची पाने बाजूला केली आणि अंगठ्याने एक मणी वळवून दाखवला. देठाजवळून केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्या टोकाशी रसाचा थेंब थिजला होता. मण्यांत पाणी उतरायला लागल्यावर पारा एकदम खाली आला की मणी तडकतात, आणि एक तडकलेला मणी शेजारच्यांनाही नासवतो. निफाड परिसरात पारा पाच अंशांखाली जाणे नवे नाही. अशा रात्री बागेत काडीकचरा पेटवून धूर करतात आणि पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. त्या दिवशी विहिरीजवळच्या पाटातून वाफा निघताना मी पहिल्यांदा नीट पाहिल्या. ज्या दवासाठी मी गव्हाच्या ओंब्यांजवळ गुडघे टेकून बसतो, तेच दव द्राक्षाच्या पानांवर रेंगाळले की डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती घेऊन येते आणि फवारणीचा ब्लोअर बाहेर निघतो.

यानंतर माझी चित्रे बदलली, आणि ती अधिक चांगली झाली असे मला मनापासून वाटते. पूर्वी मी धुराच्या कडेने माणूस टाळून चौकट धरत असे. आता शेकोटीशी वाकलेला माणूस, त्याच्या कानावरून घट्ट बांधलेली मफलर आणि मागे कागद लावलेले घड यांना चौकटीत जागा असते. चित्राखाली तारीख, पीक आणि त्या पहाटे चाललेले काम लिहितो, धुराला धुके म्हणत नाही. बागेत शिरण्याआधी विचारणे तर आलेच. तारांना आणि घडांना हात लावू नये, आणि नुकत्याच भिजवलेल्या वाफ्यात पाऊल टाकू नये.

ऊन वर आले की सामान आवरायची घाईही मी सोडली आहे. डिसेंबरच्या अखेरीस नाशिकला भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे ढेकळांना आणि सऱ्यांना दिवसभर सावली राहते. उन्हाळ कांद्याची लागवड याच दिवसांत चाललेली असते. बायका ओळीने वाफ्यात बसून मागे सरकत जातात, डाव्या हातात रोपांची जुडी आणि उजव्या हाताच्या बोटांनी चिखलात एकेक रोप दाबत. दहाच्या सुमारास सूर्य त्यांच्या पाठीमागे असेल अशा बाजूला थांबले तर भिजलेला वाफा आरशासारखा चमकतो आणि नुकतीच लावलेली, अजून माना टाकलेली रोपे त्या उजेडावर हिरव्या रेघांसारखी उमटतात.