मोटर तापते तेव्हा, पंखा लावण्याआधी

माझ्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, मॉन्स्टर ट्रकची पहिली ब्रशलेस मोटर मी स्वतःच्याच हाताने वाया घालवली, आणि तीही तिची काळजी घेत असल्याच्या समजुतीत. ट्रकला मूळचे 140 मिलिमीटर व्यासाचे टायर होते. ते दिसायला किरकोळ वाटतात म्हणून मी 160 मिलिमीटरचे चढवले आणि घोटाभर उंच गवतात गाडी पळवू लागलो. सहा-सात मिनिटांत बॉडीखालून तापलेल्या वॉर्निशसारखा वास यायचा आणि मोटरवर बोट अर्धा सेकंदही टेकवत नसे. त्यावर बहुतेक जण करतात तेच मी केले. पंखे असलेला हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) आणून मोटरवर बसवला, तापमान थोडे उतरले आणि मी निर्धास्त होऊन बॅटरी पूर्ण संपेपर्यंत गाडी दामटू लागलो. महिन्याभरात ट्रकची ओढ गेली. चमत्कारिक गोष्ट अशी की चाके हवेत ठेवून थ्रॉटल दाबला की तीच मोटर पूर्वीपेक्षा चढ्या आवाजात फिरायची, आणि जमिनीवर ठेवली की लहानशा चढावरही धापा टाकायची.

या विसंगतीचे उत्तर रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, चुंबकात होते. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतात. वरच्या प्रतीचे याहून बरेच अधिक सोसतात, परंतु मर्यादेपलीकडे तापून गेलेली ताकद मोटर थंड झाल्यावर परत येत नाही. चुंबक कमजोर झाला की मोटरचा केव्ही वाढतो, म्हणजे दर व्होल्टमागे ती अधिक फेरे घेते, पण तेवढ्याच ओढीसाठी तिला करंट मात्र जास्त लागतो. वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांतली, उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. शिवाय तांब्याच्या तारेचा रोध 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत जाताना सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो. थोडक्यात, तापलेली मोटर तापलेली असल्यामुळेच आणखी तापते. पंखा यातली थोडी उष्णता बाहेर नेतो. ती मुळात एवढी का निर्माण होते, हे मात्र तसेच राहते.

माझ्या बाबतीत त्याचे पहिले कारण टायर होते. मोटरच्या दांड्यावरच्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, 20 आणि तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या स्पर गिअरला 54 दाते होते. टायरचा व्यास 140 वरून 160 करणे हे मोटरच्या दृष्टीने 20 ऐवजी जवळजवळ 23 दात्यांचा पिनियन लावण्यासारखे आहे. तेवढ्याच ओढीसाठी करंट सुमारे 14 टक्क्यांनी आणि वाइंडिंगमधली उष्णता सुमारे 30 टक्क्यांनी वाढते, आणि टायरचे वाढलेले वजन वेगळेच. पुढच्या मोटरबरोबर मी 17 दात्यांचा पिनियन घेतला. 20 वरून 17 वर आल्याने करंट 85 टक्क्यांवर आणि उष्णता सुमारे 72 टक्क्यांवर येते. कमाल वेग यामुळे घटतो हे खरे, परंतु उंच गवतात किंवा वाळूत तो कमाल वेग कधी गाठलाच जात नाही. टू-एसवरून थ्री-एस, म्हणजे दोन सेलवरून तीन सेलच्या, लायपो बॅटरीवर जाणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. पूर्ण चार्ज बॅटरीचा व्होल्टेज 8.4 वरून 12.6 होतो, आणि पिनियन तोच ठेवला तर मोटर पहिल्याच दिवशी तक्रार करते.

दुसरे कारण मला पिनियन बदलताना योगायोगाने सापडले. पिनियन काढलेला असताना ट्रक हाताने ढकलला, तर तो जेमतेम फूटभर जाऊन थांबला. मोटर जोडलेलीच नसल्याने हा अडथळा अर्थातच तिच्या पुढचा होता. एकेक चाक फिरवून पाहिल्यावर मागच्या उजव्या चाकाचे बेअरिंग मातीने इतके भरलेले आढळले की ते फिरताना बोटाला खरखर जाणवत होती. त्याशिवाय जुन्या पिनियनचे दाते स्परमध्ये घट्ट रुतवून बसवलेले होते, आणि ही करामत माझीच. आता मी दोन्ही गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळतो आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढतो. पट्टीवर दात्यांच्या नागमोडी खुणा उमटाव्यात, पण ती फाटू नये.

तापमान मोजण्यातही मी बराच काळ स्वतःला फसवत होतो. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखली तर ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून मोटरच्या कवचावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावरच मोजावे. गाडी थांबल्यावरही आतली उष्णता बाहेर येत राहते आणि कवचाचे तापमान दोन-तीन मिनिटे वाढतच जाते, त्यामुळे लगेच घेतलेल्या एका आकड्यावर विसंबून पुन्हा थ्रॉटल दाबणे धोक्याचे असते. टेपवर 80 अंश दिसले की मी थांबतो, कारण वाइंडिंग त्याहून अधिक तापलेले असते.

चालवण्याच्या पद्धतीबद्दल एकच गोष्ट सांगतो. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज निर्माण करते आणि तोच करंटला आवर घालतो. वेग जितका कमी तितका हा आवर कमी, आणि चाक दगडात अडकून मोटर जागीच थांबली तर तो नसतोच. अशा वेळी थ्रॉटल दाबून धरण्यापेक्षा चालत जाऊन गाडी उचलावी. ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये, टायमिंग (वाइंडिंगला करंट किती आधी द्यायचा ते) वाढवलेले असेल तर तेही खाली आणावे; वाढवलेल्या टायमिंगने फेरे वाढतात, पण उष्णताही वाढते. ब्रशवाल्या मोटरला वरचे सगळे लागू आहेच, फक्त तिथे कम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडला आहे का आणि ब्रश झिजले आहेत का, हे आधी पाहावे.

पंख्याशी माझे वैर नाही. हीटसिंक आणि मोटर यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर दिला आणि बॉडीला मागून हवा बाहेर जायला वाट ठेवली, तर तो आपले काम नीट करतो. सध्या तेच 160 मिलिमीटरचे टायर, 17 दात्यांचा पिनियन आणि नवे बेअरिंग घेऊन त्याच गवतात पूर्ण बॅटरी चालवली, की टेपवर 68 ते 70 अंश दिसतात. मागच्या आठवड्यात पंख्याची वायर गवतात अडकून तुटली. ती अजून मी जोडलेली नाही.