घरात कोणाला होतं का?

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा ते 48 वर्षांचे होते. आज परळला डॉक्टरांनी ते वय ऐकलं, त्यातून 10 वजा केले आणि म्हणाले, "म्हणजे तुमची कोलोनोस्कोपी 38 व्या वर्षी." कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासणं. मी 37 ची.

आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कोणाला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट. त्यांना तरुण वयात झाला असेल तर आणखी जास्त. बहुतेक वेळा आधी आतड्यात पॉलिप, म्हणजे छोटा कोंब येतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं जातात. तोवर दुर्बिणीतूनच तो कापून काढता येतो.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा? आत्या? कोणाला गर्भाशयाचा कॅन्सर?" लिंच सिंड्रोम नावाचा जनुकीय दोष घराण्यात असेल तर गर्भाशयाचा कॅन्सरही होऊ शकतो, आणि आई किंवा वडिलांत तो दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता 50 टक्के.

मी बाहेर येऊन चिपळूणला आत्याला फोन लावला. "अगो, तुझ्या आजोबांना रक्त जायचं. मूळव्याध म्हणून औषध चालू होतं, त्यातच गेले." मग आवाज खाली, "पण हे कुठे बोलू नकोस हो, धाकटीचं लग्न ठरतंय." आमच्याकडे कोणी किती आहेर केला हे तीन पिढ्यांचं पाठ, आजार मात्र झाकलेले!

डोंबिवलीच्या भावाला सांगितलं. "मला कुठे काय होतंय?" पॉलिपने बहुधा काहीच होत नाही, तीच तर गोची. शेवटी वहिनीने फोन घेतला आणि डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला.