आउअरबाखकडे पुस्तकं नव्हती का?

तौलनिक साहित्य शिकवताना एरिख आउअरबाख या जर्मन साहित्य-अभ्यासकाचं नाव निघालं की मला हमखास विचारतात: ग्रंथालय हाताशी नसताना या माणसाने ‘मिमेसिस’ हा एवढा ग्रंथ लिहिला कसा? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

बर्लिनचा ज्यू, पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढताना जखमी झालेला, पुढे मारबुर्गला प्राध्यापक. १९३५ मध्ये ज्यू म्हणून नोकरी गेली. १९३६ मध्ये तो इस्तंबूल विद्यापीठात आला. मे १९४२ ते एप्रिल १९४५ या काळात, तिकडे युद्ध पेटलेलं असताना, त्याने ‘मिमेसिस’मध्ये प्राचीन ग्रीक कवी होमरपासून विसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या साहित्यात वास्तव कसं उतरत गेलं ते लिहून काढलं. तेही जर्मनमध्येच.

पुस्तकं अजिबात नव्हती, ही मात्र दंतकथा. इस्तंबूलच्याच गलाता भागातल्या डोमिनिकन या कॅथलिक संघाच्या मठात लॅटिन धर्मग्रंथांचे खंड होते आणि पोपचे तिथले प्रतिनिधी रोंकाल्ली (पुढे हेच तेविसावे पोप जॉन झाले) यांनी ते त्याला वापरू दिले. वानवा होती ती संशोधनपत्रिकांची, ताज्या अभ्यासांची. मूळ साहित्यकृती होत्या, आणि त्या कशा वाचायच्या हे त्याला ठाऊक होतं.

पहिलंच प्रकरण घ्या. होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस वीस वर्षांनी वेषांतर करून घरी परततो, त्याचे पाय म्हातारी दाई धुते. मांडीवरचा व्रण हाताला लागतो, ती ओळखते. तेवढ्यात होमर थांबून त्या व्रणाची, रानडुकराच्या शिकारीची सगळी हकिगत सांगतो. काहीच अंधारात ठेवत नाही. शेजारी आउअरबाख बायबलमधला अब्राहम ठेवतो: मुलाचा बळी द्यायला निघालेला बाप, तीन दिवसांची वाट, आणि त्याच्या मनात काय चाललंय याबद्दल एक अक्षर नाही. दोन उतारे, आणि त्यांतून जग पाहण्याच्या दोन रीती. वर्गात मी हे वाचते तेव्हा दर वेळी माझा आवाज खाली येतो.

समृद्ध ग्रंथालय असतं तर कदाचित हे लिहून झालंच नसतं, असं त्याने स्वतः ग्रंथाच्या शेवटी म्हटलंय. तरी हद्दपारीनेच हा ग्रंथ दिला, असं मला म्हणवत नाही. हद्दपारीने घेतलंच. दिलं ते आधीच्या वीसेक वर्षांच्या वाचनाने.

आपले जुने मित्र अजून हयात असतील, तर त्यांच्यापर्यंत हे पोचावं, अशी इच्छाही त्याने तिथेच लिहून ठेवली. १९४६ मध्ये ग्रंथ छापून निघाला, स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला.